केसांना प्रोटीन पाजता येतं का?

अंड्याच्या लेपापासून पार्लरमधल्या केराटिन ट्रीटमेंटपर्यंत सगळा भर एकाच समजुतीवर असतो: केस प्रोटीनचे, म्हणून त्यांना वरून प्रोटीन द्यावं. पण कातडीबाहेर आलेल्या केसात एकही जिवंत पेशी नसते. तो पोसणार कसा? अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन इतकं मोठं की ते आत शिरत नाही. ते केसावर वरवर बसतं, एवढंच. शाम्पूतले प्रथिनांचे बारीक तुकडे केसाला धरून राहतात खरे, पण काही धुण्यांपुरते.

केसाचं बाहेरचं आवरण, क्युटिकल, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढलेले ५ ते १० पापुद्रे. प्रत्येकाची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन. ‘केस म्हणजे केराटिन’ हे आतल्या गाभ्याला नीट लागू पडतं. तिथे केराटिनचे पीळदार तंतू असतात. पापुद्र्यांतली प्रथिनं बहुतांशी वेगळी, अशा तंतूंची रचना नसलेली. त्यांची ताकद सिस्टीनमधल्या गंधकाच्या जोडबंधांत असते. पापुद्र्याच्या वरच्या थरात सिस्टीन सुमारे एक-तृतीयांश, तर खालच्या थरात जेमतेम ३ टक्के. म्हणून पाण्याने खालचा थर जास्त फुगतो आणि पापुद्रा उचलला जातो. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत, ते यामुळेच.

चकाकी आणि मऊपणाही नुसत्या प्रथिनाचा नाही. सर्वांत वर मेदाम्लाचा एक रेणूभर थर गंधकाच्याच बंधाने प्रथिनाला जोडलेला असतो. ब्लीचने तो निघतो आणि त्या केसावर पुन्हा तयार होत नाही. कंडिशनर तो परत आणत नाही. त्याचे धनभारित रेणू खराब झालेल्या, ऋणभारित पृष्ठभागाला चिकटून काम भागवतात.

‘केराटिन ट्रीटमेंट’ हे तर नावच फसवं. केस सरळ करण्याचं काम बहुधा फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल आणि तापलेली इस्त्री करतात. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, त्यामुळे बाटलीवरची बारीक अक्षरं वाचाच.

आणि तेल? ‘ते नुसतं वर बसतं’ हे सरसकट खरं नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती घटली. सूर्यफूल आणि खनिज तेलाने नाही. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवावं. पण खोबरेलाचे, मुख्यतः लॉरिक आम्लाच्या सरळ साखळ्यांचे, लहान रेणू आत शिरतात, हे कारण रसायनशास्त्राला धरून आहे.