पाय टेकवायचा की नाही?

पॅरिसमधला कुठलाही मोठा चौक घ्या. ऑफिसला निघालेल्यांची सकाळची गर्दी, सिग्नल लाल. स्कूटर आणि मोटारसायकली फटीफटीतून पुढे येऊन थांबतात आणि सगळ्यांचे बूट एकदम डांबरावर टेकतात. एकच स्वार मात्र दोन्ही पाय गाडीवर ठेवून, घरच्या खुर्चीत बसावं तसा बसलेला असतो. गाडी सरळ उभी, तोल सांभाळायची भानगड नाही. सिग्नल हिरवा होतो, तो मूठ पिळतो, ‘पीक्’ असा बारीक आवाज होतो आणि पुढच्या वळणावर त्याची गाडी इतरांसारखीच कलून निघून जाते. तिच्या तोंडाकडे पाहिलं की कोडं सुटतं. तिथं शेजारी शेजारी दोन चाकं आहेत.

ही पियाजिओची एमपी-थ्री, 2006 साली इटलीत बाजारात आलेली. पुढे दोन, मागे एक, अशी तीन चाकांची आणि तरीही वळणावर झुकणारी.

आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की डोळ्यांपुढे रिक्षा येते, नाहीतर टेम्पो. तीन आकड्याबद्दल आपलं मत तसंही बरं नाही. तीन तिघाडा काम बिघाडा, हे आपण लहानपणीच शिकतो. पण युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये या तिसऱ्या चाकाकडे आशेनं पाहणाऱ्या स्वारांची एक वेगळी जमात आहे. नवं मॉडेल येणार अशी कुणकुण लागली की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. थांबल्यावर पाय टेकवावा लागतो का? वळणावर झुकते का? आणि कोणत्या लायसन्सवर चालते? गेल्या वीस वर्षांत आलेल्या प्रत्येक गाडीचं कौतुक आणि तिच्यावरचा राग या तीन प्रश्नांभोवतीच फिरत राहिला आहे.

ओझ्यासाठी आलेलं चाक

सुरुवातीला तिसरं चाक हौसेसाठी नव्हतंच. हार्ले-डेव्हिडसननं 1932 मध्ये ‘सर्व्ही-कार’ आणली ती गॅरेजवाल्यांसाठी. मेकॅनिक तिच्यावर बसून गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, दुरुस्तीची मोटार ताब्यात घ्यायचा, सर्व्ही-कार मोटारीच्या मागे अडकवायचा आणि दोन्ही घेऊन गॅरेजात परतायचा. एका माणसात काम भागायचं. पुढे पोलिसांनी ती पार्किंगवर नजर ठेवायला वापरली. तब्बल 1973 पर्यंत ती बनत होती. हार्लेच्या घरात बटणस्टार्ट पहिल्यांदा आला तोही 1964 साली, या कष्टकरी गाडीतच.

हौशी स्वाराला तीन चाकांवर बसवायचा मोठा प्रयत्न केला ब्रिटनच्या बीएसएनं, 1970 मध्ये. ‘एरियल 3’ ही पन्नास सीसीच्या आतली मोपेड. मागे दोन चाकं, मध्ये सांधा, आणि स्वारासकट पुढचा भाग तेवढा झुकायचा. जाहिरात दणक्यात झाली, गाडी मात्र पडून राहिली. आधीच अडचणीत असलेल्या कंपनीला तो आणखी एक खड्डा झाला. गंमत अशी, की जॉर्ज वॉलिस या इंग्रज अभियंत्याची तीच सांध्याची कल्पना होंडानं परवाना घेऊन उचलली. 1980 च्या दशकात तिच्यातून ‘जायरो’ मालिका उभी राहिली आणि जपानी शहरांत घरपोच पिझ्झा पोचवू लागली. इंग्रज गिऱ्हाइकानं ज्या सांध्याकडे पाठ फिरवली, त्याच सांध्यावर जपानी दुकानदारानं धंदा केला. दुकानदाराला मजा नको होती, पिझ्झा न सांडता पोचायला हवा होता.

दोन चाकं पुढे का?

याचं उत्तर रिक्षात बसणाऱ्या कुणालाही समजेल. रिक्षावाल्यानं वळणावर जोरात ब्रेक दाबला की पोटात गोळा येतो. ब्रेक लागला की वजन पुढे धावतं, वळणामुळे बाहेर ढकललं जातं. म्हणजे ते पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं आणि रिक्षाला नेमकं तिथंच चाक नसतं. दोन चाकं पुढे घेतली की त्या कोपऱ्यात चाक हजर. शिवाय ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकंच करत असल्यामुळे ओल्या दगडी रस्त्यावर दोन टायरांची पकड मिळते. एक घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं.

बारामतीच्या कारखान्यात जी कंपनी ‘आपे’ बनवते, तिनंच हे उलटं गणित मांडलं. आपे हे मूळचं 1948 चं इटालियन अपत्य, एक चाक पुढे आणि दोन मागे. ओझं मागे असेल तर तेच बरोबर. एमपी-थ्रीत ओझं नव्हतं. तिथं माणूस होता आणि त्याची पडण्याची भीती होती.

तिचं पुढचं प्लॅस्टिक काढलं तर आत चार दांड्यांचा चौकोन दिसतो. गाडी कलली की चौकोन तिरपा होतो आणि दोन्ही चाकं एकमेकांना समांतर राहून कलतात. त्या चौकोनाला लोखंडी चकतीचा एक तुकडा जोडलेला आहे आणि त्यावर डिस्क ब्रेकसारखा चिमटा. वेग अगदी कमी झाला, मूठ सोडली आणि हँडलवरचं बटण दाबलं की चिमटा चकती पकडतो, शॉकअपही जागच्या जागी आवळले जातात आणि गाडी ताठ उभी राहते. सिग्नलवरचं गुपित ते हेच. पुन्हा मूठ पिळली की चिमटा सुटतो आणि पीक् वाजतं.

पण त्या चिमट्याला अक्कल नाही. गाडी ज्या कोनात असेल त्याच कोनात तो तिला आवळतो. घाईनं बटण दाबणारा नवा स्वार मग चौकात एका बाजूला कललेला, मान वाकडी करून सिग्नलकडे पाहत बसतो. आवळलेली गाडी तशीच पुढे सरकवली आणि एक चाक फुटपाथच्या कडेवर चढलं, तर दोनशे किलोंहून जड धूड तीन चाकांसकट आडवंही होतं. ‘पडणार नाही’ हे आश्वासन खरं आहे, पण ते मोजूनमापून वापरायचं असतं.

पाच मिलिमीटरची कथा

पॅरिसमध्ये ही गाडी रुजली त्याचं अर्धं श्रेय यंत्राला, अर्धं कायद्याला. युरोपच्या नियमात शेजारच्या दोन चाकांमधलं अंतर 460 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती दोन मिळून एकच चाक धरतात. म्हणजे गाडी मोटारसायकल ठरते आणि मोटारसायकलचं लायसन्स लागतं. तेवढं अंतर भरलं की गाडी तीनचाकी. फ्रान्समध्ये तीनचाकी मोटारीच्या लायसन्सवर चालवता यायची. पियाजिओनं मग चाकं जराशी फाकवून ‘एलटी’ हे मॉडेल काढलं, अंतर 465 मिलिमीटर. नियमाला धरून पायाशी मोटारीसारखा ब्रेक आला. पाच मिलिमीटरच्या जोरावर मोटारीच्या रांगेत अडकलेला कारकून, वकील, डॉक्टर असा मोठा वर्ग एका रात्रीत गिऱ्हाईक झाला. 2011 पासून फ्रान्सनं अशा चालकांना सात तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तरी ओढा राहिला.

जिथं गिऱ्हाईक तिथं भांडण. प्यूजोनं ‘मेट्रोपोलिस’ ही झुकणारी तीनचाकी आणली आणि पियाजिओ पेटंट घेऊन कोर्टात गेली. 2021 मध्ये पॅरिस आणि मिलान इथल्या न्यायालयांनी पियाजिओच्या बाजूनं निकाल दिले. त्या वेळी प्यूजो मोटोसायकल्सची मालक होती आपली मुंबईची महिंद्रा.

म्हणजे एमपी-थ्री एलटीनं तिन्ही प्रश्नांना हवी ती उत्तरं दिली. पाय टेकवायला नको, झुकते, मोटारीचं लायसन्स चालतं. तरी मोटारसायकलवाले नाक मुरडतच राहिले, कारण बाकी सगळं झालं तरी ती स्कूटर. गिअर नाहीत, मांड्यांमध्ये टाकी नाही.

दोन तलवारी

त्यांच्यासाठी आशेचं वर्ष ठरलं 2015. टोकियोच्या वाहन प्रदर्शनात एकाच छपराखाली दोन झुकणाऱ्या तीनचाकी मोटारसायकली मांडल्या होत्या. होंडाची ‘निओविंग’ दिसायला भविष्यातून आलेली, चार सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. यामाहाची ‘एमडब्ल्यूटी-9’ त्या मानानं खडबडीत, पण रस्त्यावर यायला निघालेली. निओविंग त्या चौथऱ्यावरून उतरून दुकानापर्यंत कधी आलीच नाही. यामाहानं मात्र 2017 मध्ये ‘निकेन’ दाखवली आणि 2018 मध्ये विकायलाही काढली. जपानीत ‘नि’ म्हणजे दोन आणि ‘केन’ म्हणजे तलवार.

847 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढे पंधरा इंची दोन चाकं आणि प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगाला दोन अशा चार फोर्क-नळ्या. 45 अंशांपर्यंत कलते. पावसात घाटरस्त्यावर ती चालवणाऱ्यांचा सूर जवळपास एकच असतो: पुढचं चाक निसटेल ही धास्ती गेली. वळणात ओली पानं आली, वाळू आली, रस्त्यावरचा पांढरा पट्टा आला तरी हँडल डगमगत नाही.

मग घोडं अडलं कुठं? निकेन थांबली की आवळून ठेवणारा चिमटा तिच्यात नाही. तीन चाकं, वजन 263 किलो, आणि तरी सिग्नलला पाय टेकवायचाच. न टेकवला तर ती साध्या दुचाकीसारखी पडते. चाकांमधलं अंतर 410 मिलिमीटर, म्हणजे मोटारीचं लायसन्स चालत नाही. किंमत आणि वजन दोन्ही दुचाकी जुळ्या बहिणीपेक्षा जास्त. इथं बाजाराची खरी गाठ बसली. ज्याच्याकडे लायसन्स आणि सराव दोन्ही होतं त्याला तिसरं चाक हवंच होतं असं नाही. आणि ज्याला ते हवं होतं त्याला ही गाडी चालवायची मुभा नव्हती, नाहीतर गुडघ्यांत बळ नव्हतं. 2023 मध्ये सुधारित निकेन जीटी येणार म्हटल्यावर चिमट्याची आशा पुन्हा पालवली. आलं काय, तर मोठं इंजिन आणि मोठा स्क्रीन. चिमटा यामाहानं दिला होता, पण 2020 मध्ये ‘ट्रायसिटी 300’ला. म्हणजे परत स्कूटरलाच.

झुकायचा हट्ट सोडला तर

तिसरी वाट कॅनडाच्या बीआरपीची. बर्फावरच्या स्की-डू बनवणाऱ्या या क्वेबेकच्या कंपनीनं 2007 मध्ये ‘कॅन-ॲम स्पायडर’ आणली. हिची पुढची दोन चाकं ऐसपैस फाकलेली आणि गाडी झुकतच नाही. पाय टेकवायचा प्रश्नच मिटला. रिव्हर्स गिअर आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मोटारीचं लायसन्स पुरतं.

मुरलेला मोटारसायकलवाला हिच्यावर पहिल्यांदा बसतो तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. दुचाकी वेगात उजवीकडे न्यायची तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते; वर्षानुवर्षं हात ते न सांगता करतात. स्पायडरवर तसं ढकललं की गाडी डावीकडे निघते. हिला मोटारीसारखं जिकडे जायचं तिकडेच हँडल वळवावं लागतं. वर वळणात अंग बाहेर फेकलं जातं ते निराळंच. बोटं ब्रेकची दांडी शोधतात आणि दांडी जागेवर नसते, कारण तिन्ही चाकांचा ब्रेक एका पायात आहे. पहिली दहा मिनिटं तीस वर्षांचा अनुभव अडगळ होतो. कोरी पाटी घेऊन आलेला माणूसच लवकर शिकतो.

आपल्या माणसाला पटकन कळेल असं आणखी एक गाऱ्हाणं आहे. दुचाकीवर खड्डा चुकवता येतो. चाकांची रेघ एकच. स्पायडर रस्त्यावर तीन रेघा ओढते. डावं चाक वाचवलं, उजवंही वाचवलं, तर मधला खड्डा मागच्या चाकाच्या वाट्याला येतो आणि त्याचा हिशेब थेट पाठीच्या कण्यात होतो.

गाडी महाग हीदेखील जुनी तक्रार. 2018 मध्ये बीआरपीनं 8,499 डॉलरपासून सुरू होणारी ‘रायकर’ काढली, गिअर नसलेली, जमिनीला चिकटलेली. तरुण खूश झाले. लांबच्या प्रवासाला निघणारे जुने स्पायडरवाले मात्र पिशवी कुठं ठेवू आणि बायकोला कुठं बसवू, असं विचारत राहिले.

तरीही स्पायडरवर, नाहीतर हार्लेच्या मागे दोन चाकं असलेल्या ‘ट्राय ग्लाइड’वर, तृप्त चेहऱ्यानं बसलेली माणसं दिसतात. बहुतेकांचे केस पांढरे. कुणाचा खुबा बदललेला, कुणाचा गुडघा धातूचा, कुणाचा पाय युद्धात गेलेला. त्यांनी झुकणाऱ्या गाडीशी तुलना केलेली नसते. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय गाडी विकून टाकण्याचा होता.

ब्रिटनच्या कायद्यालाही हा फरक कळलेला दिसतो. 19 जानेवारी 2013 पासून तिथं नव्यानं मोटारीचं लायसन्स काढणाऱ्याची तीनचाकीची सवलत गेली. ज्याला शारीरिक अपंगत्व आहे, त्याची ठेवली.

आपल्याकडे निकेन नाही, स्पायडर रस्त्यावर दिसत नाही. पण जादा चाक आहे. गिअर नसलेल्या साध्या स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाइपच्या चौकटीत एकेक चाक जोडून दिलेलं, मागे कुबड्या अडकवायला पट्टा, काचेवर निळं चिन्ह. त्याचं डिझाइन टोकियोच्या प्रदर्शनात मांडलेलं नसतं, पेठेतला एखादा वेल्डिंगवाला ते बसवतो. कायद्यात या गाड्यांना पूर्वी ‘इन्व्हॅलिड कॅरिज’ म्हणत; 2019 च्या दुरुस्तीनं ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा बरा शब्द आला. वळणावर ती झुकत नाही. खड्डा दोन बाजूच्या चाकांपैकी एकाला मिळतोच. वाट काढताना जास्तीची दीड फूट रुंदी नडते.

पुण्यातला कुठलाही मोठा चौक घ्या. सिग्नल लाल होतो आणि शंभरेक चपला, बूट, सँडल एकदम डांबरावर टेकतात. त्या गर्दीत एका स्कूटरवरची बाई दोन्ही पाय फळीवर ठेवून सरळ बसलेली असते. शेजारचा स्वार तिच्या जादा चाकांकडे पाहतो, मग आपल्या टेकवलेल्या पायाकडे. सिग्नल हिरवा होतो. पाय उचलून तोल सावरायला त्याला एक क्षण लागतो, तेवढ्यात ती पुढे गेलेली असते.