फोनवरील दिशादर्शक नकाशा : निवड व पूर्वतयारी

शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट, शाळाबाह्य मुलांचा शोध, निवडणुकीचे काम अथवा परतालुक्यातील प्रशिक्षण अशा अनेक निमित्तांनी प्राथमिक शिक्षकास अनोळखी वाटेने जावे लागते. अशा वेळी आता बहुतेकांची भिस्त हातातील स्मार्टफोनवरील नकाशावर असते. तथापि शाळाभेटींच्या वेळी शिक्षकांशी बोलताना असे आढळते की, या साधनाचा उपयोग सर्वांस माहीत असला तरी त्याची रीत थोड्यांसच ठाऊक असते. रेंज गेली की जीपीएस बंद पडते, हा समज तर फार दृढ आहे. तो खरा नाही. परंतु या समजापायी पूर्वतयारी होत नाही, आणि नेमक्या घाटात किंवा रानात, जेथे साधनाची गरज अधिक, तेथे ते निरुपयोगी ठरते.

यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आपण कोठे आहोत हे उपग्रहांच्या साहाय्याने कळते. आपल्या भोवती काय आहे हे नकाशा सांगतो. आणि कोणत्या वाटेने जावे हे अ‍ॅप सुचविते. यांपैकी पहिली गोष्ट विनामूल्य व रेंजवाचून मिळते. दुसरी घरूनच बरोबर न्यावी लागते. तिसरी मात्र माणसानेच पारखून घ्यावयाची असते.

स्थान कसे कळते?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहप्रणाली होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि तो ‘आता इतके वाजले, मी अमुक ठिकाणी आहे’ असा संदेश अखंड पाठवीत असतो. आपला फोन हा संदेश केवळ ऐकतो. उपग्रहास काहीही कळवीत नाही. म्हणूनच यास रेंज लागत नाही व पैसेही पडत नाहीत.

मुलांना हे सांगताना विजेचा दाखला उपयोगी पडेल. वीज चमकल्यानंतर गडगडाट तीन सेकंदांनी ऐकू आला, तर ती सुमारे एक किलोमीटर दूर पडली असे आपण ताडतो. येथेही संदेश येण्यास लागलेल्या वेळावरूनच अंतर काढतात. फरक इतकाच की, रेडिओलहरी सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. त्यामुळे सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरनी चुकते. फोनमधील घड्याळ इतके अचूक नसते. यास्तव तीन उपग्रहांवर न भागता घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू याही प्रणाली आहेत आणि आजचे बहुतेक फोन अनेक प्रणालींचा एकत्र उपयोग करतात. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह कक्षेत ठेवून ‘नाविक’ ही प्रणाली उभारली. पुढे त्यांपैकी काहींची अणुघड्याळे बिघडली आणि नवे उपग्रह पाठविण्याचे काम हाती घ्यावे लागले. या विद्येत घड्याळाचे महत्त्व किती, हे यावरून कळून येईल.

मोकळ्या आकाशाखाली साधारण फोन सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवितो. उंच कडा, दाट झाडी किंवा इमारती यांच्या आड संदेश अडतात किंवा आपटून येतात व ही चूक बरीच वाढते. इंटरनेट असेल तर उपग्रहांची माहिती फोनला चटकन मिळते. नसेल तर ती उपग्रहांकडूनच सावकाश घ्यावी लागते व त्यास काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी ‘बिघडले’ म्हणून फोन खिशात न टाकता मोकळ्या जागी स्वस्थ उभे राहावे.

नकाशाची निवड

अ‍ॅप निवडताना चार प्रश्न विचारावेत. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवता येतो काय? इंटरनेट नसताना गावाचा शोध व मार्ग दोन्ही मिळतात काय? पायवाटा व डोंगराचे चढउतार त्यात आहेत काय? फोनमध्ये तेवढी जागा आहे काय?

गूगल मॅप्समध्ये शहरे, दुकाने व रहदारीची माहिती विपुल आहे. त्यातील हवा तो भाग डाउनलोड करता येतो. परंतु इंटरनेट नसताना तो मोटारीचा मार्ग दाखवितो, पायी जाण्याचा दाखवीत नाही. ऑरगॅनिक मॅप्स व ऑस्मअँड ही अ‍ॅपे ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर आधारलेली आहेत. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक तयार करतात. ही अ‍ॅपे डाउनलोड केलेल्या नकाशावर इंटरनेटवाचून चालतात व पायी मार्गही दाखवितात. मात्र दुकाने, कार्यालये यांची नोंद त्यांत विरळ असते. मॅपल्स हे अ‍ॅप भारतीय कंपनीचे आहे. एकंदरीत, नेहमीच्या रस्त्यांसाठी एक व रेंज नसलेल्या भागासाठी एक, अशी दोन अ‍ॅपे ठेवणे श्रेयस्कर.

निघण्यापूर्वीची तयारी

ही तयारी आदल्या दिवशी, इंटरनेट चांगले असलेल्या ठिकाणी करावी.

१. फोनच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ चालू करावे. अ‍ॅपला ‘वापरात असतानाच’ परवानगी द्यावी, पण ती अचूक स्थानाची असावी.

२. आपल्या व शेजारच्या तालुक्यांचा नकाशा डाउनलोड करावा. जुना असल्यास नवा करून घ्यावा.

३. शाळा, मुक्काम, वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्र व एसटी थांबा ही ठिकाणे आधीच खूण करून जतन करावीत.

४. दिशा चुकीची दिसत असल्यास फोन हातात धरून इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे हवेत काही वेळा फिरवावा. होकायंत्र ताळ्यावर येते.

५. बॅटरी पूर्ण भरावी व पॉवर बँक सोबत घ्यावी. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असेल तर काही फोनमध्ये स्थान नीट मिळत नाही, हेही पाहावे.

६. शेवटी परीक्षा घ्यावी. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून शाळेच्या पटांगणात उभे राहावे. लोकेशन चालू असता निळा ठिपका पटांगणातच दिसला व ठरविलेल्या गावचा मार्ग निघाला, तर तयारी पुरी झाली असे समजावे.

वाटेची पारख

पिंपळगाव, वडगाव, नांदगाव या नावांची गावे आपल्या राज्यात किती आहेत, हे शिक्षकांस सांगावयास नको. म्हणून नुसते नाव न लिहिता तालुका व जिल्हाही लिहावा आणि निघण्यापूर्वी एकूण अंतर पाहावे. तीस किलोमीटरच्या जागी तीनशे दिसले तर गाव दुसरेच आहे.

याहून गंभीर बाब अशी की, रस्त्याची आजची स्थिती अ‍ॅपला ठाऊक असतेच असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रात्री फोनवरील नकाशाच्या आधारे कळसूबाईकडे निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली व बुडाली. त्यात एकाचा प्राण गेला. तो पूल पाण्याखाली आहे, हे आसपासच्या गावांतील कोणीही सांगितले असते. त्याच तालुक्यातील हरिश्चंद्रगडास पाचनईकडून जाणारी वाट सोपी आहे. कोकणाच्या बाजूची नळीची वाट मात्र कड्याच्या घळीतून चढणारी, कसलेल्या गिर्यारोहकांची आहे. नकाशावर दोन्ही सारख्याच रेषांनी काढलेल्या असू शकतात. रेषा अंतर सांगते, अवघडपणा सांगत नाही. मुले सोबत असताना हा भेद जिवाशी गाठ घालणारा ठरतो.

म्हणून सहलीचा मार्ग त्या गावच्या शिक्षकांस किंवा सरपंचांस फोन करून विचारावा, पावसाळ्यात ओढे व फरशीपूल यांची चौकशी करावी, आणि अनोळखी वाट अंधारात धरू नये. गाडी चालविणाऱ्याने नकाशा पाहू नये. शेजारी बसलेल्याने पाहून सांगावे. मार्गाचा एक कागदी आराखडा मुख्याध्यापकांकडे ठेवावा.

आणखी एक सवय अवश्य लावून घ्यावी, ती म्हणजे आपले अक्षांश-रेखांश वाचून सांगण्याची. आडरानात एखाद्या मुलास सर्पदंश झाला, तर ‘मोठ्या वडापलीकडे’ या खुणेने रुग्णवाहिका येणार नाही. बोलण्यापुरती रेंज मिळताच ११२ या क्रमांकावर हे दोन आकडे सांगता येतात. दशांशचिन्हापुढील चार अंक सांगितले की जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत निश्चित होते. आपल्या राज्यात अक्षांश साधारण १५ ते २२ व रेखांश ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असल्याने लहान आकडा तो अक्षांश, ही खूण लक्षात ठेवावी. शाळेच्या माहितीचे तक्ते भरतानाही हे दोन आकडे उलटसुलट होणार नाहीत.

या साधनाचा वर्गातही उपयोग होण्यासारखा आहे. परिसर अभ्यासाच्या तासास मुलांकडून आधी शाळेभोवतीचा नकाशा कागदावर काढून घ्यावा व मग तो फोनवरील नकाशाशी ताडून पाहावा. पुष्कळदा असे दिसेल की, मुलांनी काढलेली वस्ती, विहीर किंवा पाडा फोनवर मुळी नाहीच. ओपनस्ट्रीटमॅपवर अशी नोंद शिक्षकास स्वतः करता येते. जागेवर उभे राहून, स्थान पाहून, गावकरी उच्चारतात तसेच नाव त्यात घालावे. पुढे त्या वस्तीकडे निघालेली परिचारिका किंवा नव्याने रुजू होणारा शिक्षक रात्री-अपरात्री वाट शोधील, तेव्हा ती वस्ती त्यास नकाशावर सापडेल.