‘लाइन-लॉक’ : एक संज्ञा आणि एका बिघाडाचे निदान

मोटारीच्या ब्रेकविषयी तक्रार करताना चालक ‘लॉक झाले’ एवढेच सांगतो. या एका शब्दात निदान तीन भिन्न गोष्टी सामावलेल्या असतात. जोरकस ब्रेकने चाक फिरावयाचे थांबून घसरू लागते, ही पहिली. ब्रेकचा द्रव तापून त्याची वाफ होते व पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचत नाही, हा ‘व्हेपर-लॉक’. येथे ब्रेक लागतच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे अमेरिकेतील ड्रॅग-शर्यतीच्या गाड्यांत हेतुपुरस्सर बसविलेले ‘लाइन-लॉक’ हे उपकरण. संज्ञांची ही सरमिसळ ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. तिच्यामुळे भलताच भाग उघडला जातो आणि गाडी सदोष ब्रेकनिशी पुन्हा धावपट्टीवर येते.

शर्यतीपूर्वी मागील टायर जागच्या जागी फिरवून तापवितात. त्या वेळी गाडी पुढे सरकू नये म्हणून पुढील ब्रेकच्या नळीत विजेवर चालणारी झडप बसवितात. चालक पेडल दाबतो, मग बटण दाबून धरतो व पेडल सोडतो. झडप मिटल्याने पुढील चाकांवरील दाब कोंडून राहतो; मागील चाके मोकळी होतात. बटण सोडताच झडप उघडली पाहिजे. फोर्डच्या २०१५ च्या मस्टँग जीटी गाडीत हेच कार्य इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे सोपविले आहे. पुढील विवेचन स्वतंत्र झडपेपुरतेच आहे.

बटण सोडूनही चाके जखडलेली राहिल्यास प्रथम झडपेची वीजतार काढावी. चाके सुटली, तर दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये आहे. न सुटल्यास गाडी भक्कम स्टँडवर घेऊन, डोळ्यांस चष्मा लावून, पुढील चाकाचा ब्लीडर स्क्रू किंचित सैल करावा. द्रव उसळून चाक मोकळे झाले, तर दाब कोंडलेला होता. तसे न घडल्यास कॅलिपरचा पिस्टन अथवा पिना अडकल्या आहेत. त्यात झडपेचा अपराध नाही.

दाब कोंडलेला आढळल्यास स्क्रू घट्ट करून पेडल दाबावे व तोच बिघाड पुन्हा घडवून आणावा. आता मास्टर सिलिंडर व झडप यांमधील जोड सैल करावा. चाके सुटल्यास दोष मास्टर सिलिंडरकडे आहे; बहुधा पुशरॉडला मोकळीक उरलेली नसते. न सुटल्यास झडपेपलीकडील जोड सैल करावा. येथे सुटल्यास झडप अडकली आहे. अन्यथा रबरी नळी आतून फुगली असण्याचा संभव अधिक.

‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत एकच ध्वनी पालटून आपण भेदक ध्वनी ओळखतो. येथील रीतही तीच आहे : एका वेळी एकच जोड सोडावा, म्हणजे उत्तर संदिग्ध राहत नाही.

परीक्षेनंतर नळ्यांतील हवा काढून गळती तपासल्याविना गाडी हलवू नये. तसेच लाइन-लॉकचा उपयोग हँडब्रेकसारखा कधीही करू नये; वीज खंडित होताच दाब सुटतो. ‘लॉक’ या नावाने मिळणारे आश्वासन येथे बोट बटणावर असेपर्यंतच खरे असते.