मेट्रो आली, महोत्सव गेला

२०२५ मध्ये ‘साबर बोंडं’नं सनडान्समध्ये जागतिक कथापटांसाठीचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक पटकावलं आणि रोहन परशुराम कानवडे हे नाव मराठी घरांत एकदम सगळ्यांना पाठ झालं. दोन पुरुषांच्या प्रेमाची मराठी गोष्ट जगानं उचलून धरली म्हणून अभिमानाचे रकाने भरले. वाचून आनंद झाला, रागही आला. जगानं पाठ थोपटायच्या आधी, हाकेच्या अंतरावर अंधेरीत असले सिनेमे लागायचे तेव्हा ही मंडळी कुठे होती?

आधीचा काळ भरभर सांगतो. १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचं नियतकालिक निघालं, १९९४ मध्ये याच समाजासाठी काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. डिसेंबर १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमावर चिडलेले शिवसैनिक गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये घुसले, तोडफोड झाली, खेळ बंद पडला. तिकीट काढून अंधारात गुपचूप बसण्याचीही सोय नाही, हे आम्हा पश्चिम उपनगरवाल्यांना त्या दिवशी कळलं.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार बोथट केली. पुढच्याच एप्रिलमध्ये श्रीधर रंगायन यांनी जुहूच्या पीव्हीआरमध्ये ‘कशिश’ हा अशा सिनेमांचा महोत्सव सुरू केला आणि २०११ मध्ये तो वर्सोव्याच्या सिनेमॅक्समध्ये आला. गोरेगावात तोडफोड झाली तेच नाव, तशाच खुर्च्या, आणि दारात सजूनधजून आलेली आमची माणसं!

वर्सोव्याच्या त्या उद्घाटनाच्या रात्रींची खरी मजा गर्दीत होती. एकाच रांगेत नव्या हिंदी सिनेमाला आलेलं कुटुंब, पॉपकॉर्नसाठी हटून बसलेली पोरं आणि महोत्सवाला आलेले आम्ही. कोण कुठल्या पडद्याकडे निघालाय, कुणाला कळायचं नाही. कांदिवलीच्या चाळीतला मुलगा घरी “पिक्चरला जातो” एवढंच सांगून निघायचा, आणि ते शंभर टक्के खरं असायचं. आत शिरल्यावर मात्र टाळ्या, शिट्ट्या, मिठ्या. परत जाताना पुन्हा तोच साधा प्रेक्षक. मल्टिप्लेक्सनं आम्हाला आडोसा दिला, आणि तोही फुकट.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. त्यानंतरच्या मे महिन्यात महोत्सव मरीन लाइन्सच्या लिबर्टीला गेला. कायदा पुन्हा उलटलेला असताना एवढ्या दिमाखदार, जुन्या चित्रपटगृहाच्या दारातून ताठ मानेनं आत जायचं, यात हिंमत होती. ती मी नाकारत नाही. पण लिबर्टीला पडदा एकच. त्या दारातून आत जाणं म्हणजे आपण कोण ते जाहीर करणं. ज्यांना ते परवडत होतं ते गेले. कांदिवलीचा मुलगा? रात्री उशिरा परतायचं, घरी खुलासे द्यायचे. त्यानं नाद सोडला. आणि नशीब बघा, महोत्सव गेला मे २०१४ मध्ये, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली ८ जूनला! घाटकोपरच्या माणसाला वर्सोवा जवळ आलं तेव्हा तिथे बघायला आमचं काही उरलं नव्हतं.

पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानंच आम्हाला ३७७ च्या गुन्ह्यातून मोकळं केलं, पेढे वाटले. टाळेबंदीतल्या ऑनलाइन महोत्सवांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. घरच्यांच्या देखत लॅपटॉपवर कोण काय बघणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. जूनमध्ये बोधचिन्हांना इंद्रधनुषी रंग फासणाऱ्या कंपन्यांना त्यावर बोलायला शब्द सापडले नाहीत. आमच्या सोसायटीत अजूनही दोन मुलग्यांना जोडीनं घर भाड्यानं हवं असेल तर ‘मावसभाऊ’ व्हावं लागतं.

म्हणून सनडान्सच्या कौतुकाचे हार मला अपुरे वाटतात. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात दिवाळी पहाट होते, व्याख्यानमाला होतात. तिथेच एक संध्याकाळ या सिनेमांना द्या. सोसायटीतल्या काकूही येऊ देत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तो कांदिवलीचा मुलगा, आता चाळिशीला टेकलेला, कसलाही खुलासा न देता बसू शकेल.