वकील पगारावर जातो तेव्हा

वकील म्हटला की काळा डगला आणि कोर्टाची पायरी आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आज मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत डगला न घालणारे वकीलही बसलेले असतात. वकिलांच्या पेढीत, म्हणजे लॉ फर्ममध्ये, काही वर्षे काढावयाची आणि मग एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात नोकरी धरावयाची, ही वाट आता रुळली आहे. या वाटेवर काय मिळते आणि काय सुटते, हे श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे. आम्ही कायद्याचे कॉलेज पाहिलेले नाही. जे शिकलो ते लेबर कोर्टाच्या बाकांवर. परंतु नोकरी म्हणजे काय हे आम्हांस पक्के ठाऊक आहे, आणि हा प्रश्न मुळात नोकरीचाच आहे.

वकील पेढी का सोडतो? मोठ्या पेढ्यांत काम तासांवर मोजतात. कोणत्या अशिलासाठी किती वेळ खर्ची पडला याची नोंद ठेवावयाची आणि त्यावर बिल करावयाचे. पीसरेटवर राबणाऱ्या विणकऱ्यास यातला जाच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भागीदारी थोड्यांनाच लाभते. कंपनीत ठरलेला पगार असतो, अशील एकच असतो, आणि व्यवहार शिजत असतानाच सल्ला देता येतो. यात गैर काहीच नाही.

पगारी कायदेपंडित ही गोष्ट नवीनही नाही. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामावर, वर्षाच्या बोलीने, १०५ पौंड आणि जाण्यायेण्याचा खर्च घेऊन. आपण बॅरिस्टर म्हणून कमी आणि पेढीचे नोकर म्हणून अधिक जात आहोत, याची त्यांना जाणीव होती. तरी त्यांनी धन्याला खटला लांबवू दिला नाही. लवादाने तड लावली, आणि हरलेल्या प्रतिपक्षाचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यास धन्याला राजी केले. नोकरी करूनही सल्ला स्वतंत्र राहू शकतो, तो असा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने तसे आपल्या बार कौन्सिलला कळवावयाचे आणि नोकरी असेतो वकिली थांबवावयाची. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडू नये, असा नियम भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंपनीच्या पगारी कायदेसल्लागारास हे कलम लागू नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१० साली अ‍ॅक्झो नोबेल खटल्यात स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरते असेच म्हटले होते. कारण साधे आहे: ज्याची चूल एकाच धन्याच्या पगारावर पेटते, त्याला बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र मानता येत नाही.

मात्र एके ठिकाणी डगला उतरविल्याने दार उघडते, आणि तेथे त्याची गाठ आम्हां युनियनवाल्यांशी पडते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे होते की, न्यायाधिकरणापुढे वकील उभा करावयाचा तर दुसऱ्या बाजूची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी हवी. गरीब कामगारांपुढे बड्या वकिलांची फौज उभी राहू नये हा हेतू. पण पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली सांगितले की, कायद्याची पदवी असलेला माणूस कंपनीचा खराखुरा पगारी अधिकारी असेल आणि वकिली करीत नसेल, तर तो अधिकारी म्हणून उभा राहू शकतो. तोच न्याय युनियनच्या पदाधिकाऱ्यालाही लागू केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे.

आता या पगारी वकिलाचीच नोकरी गेली तर? आम्हांला सर्वांत मोठा वाटतो तो हा प्रश्न. धन्याने म्हटले, "या कामगारांना ठेकेदाराचे दाखवा," आणि याने म्हटले, "हे कायद्यात बसत नाही," म्हणून त्याला घरी बसविले, तर तो कोठे जाणार? म्यूर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा सहायकाला 'कामगार' मानण्यास नकार दिला. खासगी कंपनीविरुद्ध दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते. गेलेली खुर्ची परत मिळणे कठीण. म्हणजे वकील म्हणून असलेले कवच उतरले, आणि कामगाराचे अंगावर चढले नाही.

म्हणून ज्यांची मुले या वाटेने जात आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच. करारपत्रात पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: नोटिशीची मुदत किती, कायदा विभाग थेट संचालक मंडळापुढे जाऊ शकतो की नाही, आणि नकाराचा सल्ला लेखी नोंदविता येतो की नाही. धन्याला वेळीच 'नाही' म्हणणारा वकील धन्याचेही हित राखतो आणि त्याच्या दारात राबणाऱ्यांचेही. त्या 'नाही'ला संरक्षण मिळावे, ही मागणी आता वकिलांनीच संघटित होऊन केली पाहिजे. संघटना कशी बांधतात, हे ते आमच्याकडे विचारावयास आले तर आम्ही आनंदाने सांगू.