व्यापारी कायद्याचे अध्यापक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य बाबासाहेबांचे नाव उच्चारताच घटनेचे शिल्पकार आणि महाडचे सेनानी आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्यांनी काही काळ मुंबईत व्यापारी कायदा शिकविला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या अध्यापकीय जीवनाचा हा धागा आम्ही येथे उलगडू इच्छितो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. मात्र प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीचा जम बसेपर्यंत प्रपंचास आधार हवा होता. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत त्यांनी अर्धवेळ व्यापारी कायदा शिकविला.

हा विषय म्हणजे काय? देणेघेणे, खरेदीविक्री, भागीदारी, हुंडी यांचे नियम. त्याचा पाया १८७२ चा करार कायदा. मालविक्री व भागीदारी यांची प्रकरणे त्या काळी याच कायद्यात होती; त्यांचे स्वतंत्र कायदे अनुक्रमे १९३० व १९३२ मध्ये झाले. कराराला मुक्त संमती आवश्यक आहे, हे या कायद्याचे मुख्य सूत्र होय. धाकदपटशा, गैरवाजवी दडपण वा फसवणूक यांनी मिळविलेली संमती मुक्त मानली जात नाही.

पुढे १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १ जून १९३५ रोजी तेथेच प्राचार्य. माता रमाईंचे निधन होऊन तेव्हा अवघे पाच दिवस झाले होते. प्राचार्यपदी असतानाच, सप्टेंबर १९३७ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. वर्गातील कायदा आणि शेतातील कूळ यांच्यातील अंतर त्यांनी अशा रीतीने कमी केले.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि १९५६ मध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. स्वतः शिकविलेल्या दोन्ही विषयांची दारे त्यांनी अशी आपल्या मुलांसाठी उघडली.

विद्यार्थी मित्रहो, आजही आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील ऊसतोडीची उचल घेताना न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवितात. तो कागद वाचून दाखविण्याइतकी विद्या तुमच्याजवळ आता आहे. सुटीत घरी जाल तेव्हा तो मागून घ्या आणि रक्कम, मुदत, अटी मोठ्याने वाचून दाखवा. बाबासाहेबांच्या अध्यापनाला याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.