पान वेगळे, तेल वेगळे

पावसाळा लागला की धर्मग्रामातील घरांतून फिरताना आम्हांला दोन वास हटकून भेटतात. एक चुलीवर उकळणाऱ्या गवती चहाचा, दुसरा नीलगिरीच्या तेलाचा. दोन्ही आम्हांला आवडतात. पण घरोघर या दोहोंना एकाच मापाने मोजतात, आणि त्यात धोका आहे, म्हणून हे चार शब्द.

सुगंधी तेल कसे निघते हे पेडणे-डिचोलीच्या वाचकांना सांगणे सोपे आहे, कारण काजूची भाटी सर्वांनी पाहिलेली आहे. भाणात रस उकळतो, वाफ नळीतून जाते आणि थंड होऊन लावणीत थेंब थेंब उतरते. तेलाची भट्टीही तशीच. फक्त रसाऐवजी आत गवत किंवा पाला असतो. वाफ पाल्यातले तेल उचलून नेते, आणि ती निवली की पाण्यावर तेल तरंगते. (लवंगेचे तेल मात्र पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसते.) शंभर किलो ओल्या गवती चहातून अर्ध्या किलोच्या आतबाहेर तेल मिळते. तेव्हा चहात आपण चार पाती टाकतो त्यांत थेंबभरही तेल नसते, आणि बाटलीतला एक चमचा म्हणजे किलोभर गवत! किलोभर गवताचा काढा कोणी एका घोटात पीत नाही.

आमच्या हातून घडलेली चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी सर्दीने बेजार झालेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही वाफाऱ्यासाठी नीलगिरीची बाटली दिली. ती कुठे ठेवावी हे काही सांगितले नाही. बाटली कोनाड्यात खोकल्याच्या औषधाशेजारी राहिली. दोन दिवसांनी रात्री वीज गेली असता सुनेने चार वर्षांच्या मुलाला खोकल्याचे औषध समजून त्यातलाच एक चमचा पाजला. अर्ध्या तासात पोर पेंगू लागले, हाक मारली तरी डोळे उघडीना. शेजाऱ्यांची जीप मिळाली, इस्पितळात दोन रात्री काढाव्या लागल्या. मूल वाचले. त्या माउलीने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

नीलगिरीच्या चमचाभर तेलाने लहान मुलाला गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. कापूर त्याहून वाईट. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम गेला तरी जिवावर बेतू शकते. असे काही घडलेच तर उलटी काढण्याच्या खटपटीत पडू नये, तेल फुप्फुसांत उतरते. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि बाटली बरोबर न्यावी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाखाली किंवा छातीवर कापूर, नीलगिरी लावू नये. मिरगीचा त्रास असलेल्यांनीही या दोन तेलांपासून दूर राहावे. घरात ही बाटली उंच कपाटात, औषधांपासून वेगळी आणि कुलूप लावून ठेवावी.

मग तेल वापरूच नये काय? जरूर वापरावे, पण अंगाबाहेर आणि पातळ करून. एक चमचा खोबरेलात दोन थेंब एवढे पुरे. नांगरणी-लावणी करून दुखणाऱ्या कंबरेला, गुडघ्यांना असे तेल चोळल्याने बरे वाटते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. कातडी लाल झाली तर सोडून द्यावे. निगडीचा पाला उकळून त्या पाण्याने अंग शेकण्याची आपल्या आजीबाईंची रीत आहे, तीही चांगली. गवती चहाच्या तेलाने डास तासभर दूर राहतील. मच्छरदाणी मात्र काढू नका.

झोपेसाठी जायफळ ही आपल्या कुळागरांची जुनी युक्ती. दुधात चिमूटभर उगाळून मोठ्या माणसाने घेतले तर हरकत नाही. पण रडणारे तान्हे निजावे म्हणून जायफळ चाटवणे बंद व्हावे. चमचा-दोन चमचे पूड मोठ्या माणसालाही भ्रम आणते, छाती धडधडते. या वस्तूंची मापे सांभाळावीत हे गोव्याला नवे नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथल्या औषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात कापूर, लवंग, जायफळ या प्रत्येकावर त्याने स्वतंत्र लिहिले आहे.

झोप न येण्याची कारणे मात्र पुष्कळदा बाटलीबाहेर असतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१८ साली पुन्हा पडल्या, तेव्हा डिचोलीकडे कर्जाचे ट्रक दारात उभे होते आणि घरधनी रात्र रात्र ओसरीवर बसून असत. अशा माणसाला आम्ही कोणते तेल देणार? तरी एका घरी आम्ही पाहिले, बायको रोज रात्री नवऱ्याच्या तळपायांना कोमट खोबरेल चोळीत असे, आणि तो पाऊण तास बोलत असे. तेलाने काम केले की बोलण्याने, हे आम्ही सांगू शकत नाही. बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना लावलेले जटामांसीचे तेल मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीएवढे महाग होते. आपले खोबरेल घरच्या माडाचे आहे. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, असे झाले तर डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी दिलेली गोळी वासाच्या तेलावर भरवसा ठेवून आपल्या मनाने सोडू नये.

आता लागवडीविषयी. परसात गवती चहाचे दोन ठोंब पहिल्या पावसात लावावेत. तीन महिन्यांत कापणीला येतात आणि चार-पाच वर्षे टिकतात. एकरभर लावायचे मनात असेल तर आधी जवळ भट्टी आहे का आणि तेल कोण घेणार हे पक्के करावे. फेणीच्या भाणात गवत घालण्याचा विचार एका उत्साही तरुणाने आम्हांला बोलून दाखवला. त्याला आम्ही इतकेच म्हटले की पुढच्या वर्षीची फेणी तू एकट्यानेच पी. वाळ्याच्या मुळांच्या तेलालाही भाव आहे, पण त्यासाठी मुळे खणावी लागतात. बांधावरचा वाळा खणला तर पावसात बांधही गेला. तेलासाठीचा वाळा सपाटीला वेगळा लावावा. बांधावरचा तसाच राहू द्यावा, आणि त्याची चार मुळे हवी तर पिण्याच्या मडक्यात टाकावीत.